अँटिव्हायरस आणि मंदावलेला संगणक: मेमरीचा भार कसा मोजावा आणि कसा हलका करावा

संगणक सुरू केल्यावर पहिली काही मिनिटे काहीच उघडत नाही, ब्राउझरच्या एका टॅबवरून दुसऱ्यावर गेले की पडदा क्षणभर पांढरा राहतो, टंकलेली अक्षरे मागाहून उमटतात, आणि कारण शोधायला टास्क मॅनेजर (चालू प्रोग्रॅम आणि त्यांचा भार दाखवणारे विंडोजचे साधन) उघडावा तर यादीच्या अगदी वर अँटिव्हायरसचे नाव दिसते. अशा वेळी तो काढून टाकावा असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु त्या यादीतील एकाच आकड्यावरून घेतलेला निर्णय पुष्कळदा चुकतो, आणि मग संगणक पूर्वीइतकाच मंद राहून वर असुरक्षितही होतो. म्हणून पुढील मार्गदर्शनात आधी मोजमाप आणि मग दुरुस्ती असा क्रम ठेवला आहे. वर्णन विंडोज १० आणि विंडोज ११ यांना धरून आहे, आणि मेनूंची व बटणांची नावे इंग्रजी विंडोजमध्ये दिसतात तशीच देवनागरीत लिहिली आहेत.

मेमरी नेमकी कशाला लागते

आपण एखादी फाइल उघडतो, उतरवून घेतो किंवा पेन ड्राइव्हवरून उचलतो, त्या प्रत्येक वेळी अँटिव्हायरस ती फाइल तपासतो. या तपासणीसाठी लागणाऱ्या घातक प्रोग्रॅमच्या ओळखखुणा त्याला सतत हाताशी ठेवाव्या लागतात, आणि त्यांचा साठा फार मोठा असतो. तो दर वेळी डिस्कवरून वाचायचा म्हटले तर प्रत्येक फाइल उघडायला कितीतरी अधिक वेळ लागेल, म्हणून तो रॅममध्ये, म्हणजे संगणकाच्या चालू कामासाठीच्या वेगवान मेमरीत, चढवून ठेवलेला असतो. याखेरीज दाबून लहान केलेल्या झिप फाइली तपासण्यासाठी त्या मेमरीत उलगडाव्या लागतात, संशयास्पद प्रोग्रॅम एका बंदिस्त कृत्रिम वातावरणात चालवून पाहावा लागतो, आणि एकदा तपासून निर्धोक ठरलेल्या फाइलींची नोंद ठेवावी लागते, म्हणजे त्या पुन्हापुन्हा तपासाव्या लागत नाहीत. थोडक्यात, अँटिव्हायरस जी मेमरी वापरतो तिचा बराचसा भाग वेग राखण्यासाठीच खर्च होत असतो.

अडचण सुरू होते ती रॅम अपुरी पडू लागल्यावर. जागा संपत आली की विंडोज काही मजकूर आधी दाबून ठेवते आणि तेवढ्याने भागले नाही की तो डिस्कवरील पेज फाइलमध्ये हलवते. पुढे तोच मजकूर लागला की तो डिस्कवरून परत आणावा लागतो. रॅममधील माहिती मिळायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात, एसएसडीवरील (फिरते भाग नसलेल्या नव्या प्रकारच्या डिस्कवरील) माहितीला सुमारे १०० मायक्रोसेकंद, तर फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कला सुमारे १० मिलिसेकंद लागतात. म्हणजे एसएसडी रॅमपेक्षा सुमारे हजारपट आणि जुनी हार्ड डिस्क सुमारे लाखपट संथ असते. एकच अँटिव्हायरस एका संगणकावर जाणवतही नाही आणि दुसऱ्यावर असह्य होतो, त्यामागे बहुधा हाच फरक असतो. विंडोज ११ साठी किमान ४ जीबी रॅम लागते असे मायक्रोसॉफ्ट सांगते. पण तेवढ्या रॅममध्ये विंडोज, ब्राउझर आणि अँटिव्हायरस या तिघांचा संसार फार ओढाताणीने चालतो.

पहिली पायरी: खरोखर मेमरीच कमी पडते आहे का, हे पाहणे

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. त्यातील 'परफॉर्मन्स' विभागात जाऊन 'मेमरी' निवडावी आणि संगणक मंद झालेला असतानाच तेथील आकडे कागदावर उतरवून ठेवावेत. 'इन यूज' म्हणजे सध्या वापरात असलेली रॅम आणि 'अव्हेलेबल' म्हणजे मागितल्यास लगेच मिळू शकणारी रॅम. 'कॅश्ड' हा आकडा मोठा दिसला तर काळजीचे कारण नाही, कारण ती जागा विंडोज गरज पडताच मोकळी करते. सर्वांत बोलका आकडा 'कमिटेड' या शीर्षकाखाली असतो. तेथे तिरप्या रेषेच्या दोन बाजूंना दोन संख्या दिसतात: पहिली सर्व प्रोग्रॅमनी मिळून राखून घेतलेल्या मेमरीची, तर दुसरी रॅम आणि पेज फाइल मिळून होणाऱ्या मर्यादेची. पहिली संख्या दुसरीच्या जवळ जाऊ लागली असेल, आणि 'अव्हेलेबल' काही शे एमबीवर घसरले असेल, तर मेमरी कमी पडते आहे असे खात्रीने म्हणता येते.

आता त्याच खिडकीत 'सीपीयू' आणि 'डिस्क' यांचे आलेखही पाहून घ्यावेत. मेमरी भरपूर मोकळी आहे, पण डिस्क मात्र सतत १०० टक्क्यांवर आहे, असे दिसले तर संगणक मंदावण्याचे कारण मेमरी नसून फाइलींची तपासणी किंवा अन्य कोणते तरी काम हे आहे, आणि त्यावरचा उपाय वेगळा असतो. या दोन गोष्टींची गल्लत नवख्यांकडून सर्वाधिक होते, म्हणून येथे घाई करू नये. शंका उरल्यास टास्क मॅनेजरमधूनच 'रिसोर्स मॉनिटर' उघडावा आणि त्याच्या 'मेमरी' विभागातील 'हार्ड फॉल्ट्स' हा स्तंभ पाहावा. एखाद्या प्रोग्रॅमला हवा असलेला मजकूर रॅममध्ये न सापडल्यामुळे दर सेकंदाला किती वेळा डिस्ककडे जावे लागले, ते तेथे कळते. प्रोग्रॅम उघडताना हा आकडा काही क्षण वाढणे नेहमीचे आहे. तो मिनिटेच्या मिनिटे चढाच राहिला तर रॅम पुरत नाही असे समजावे.

दुसरी पायरी: अँटिव्हायरसचा वाटा काढणे

'प्रोसेसेस' विभागात 'मेमरी' या शीर्षकावर क्लिक केले की सर्वाधिक मेमरी घेणारे प्रोग्रॅम वर येतात. विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस, म्हणजे मायक्रोसॉफ्ट डिफेंडर, तेथे 'अँटिमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल' या नावाने दिसतो. शांत अवस्थेत तो साधारण १०० ते ३०० एमबी मेमरी घेतो आणि पूर्ण तपासणी चालू असताना त्याहून बरीच अधिक घेऊ शकतो. अन्य कंपन्यांच्या अँटिव्हायरसचे एकच नाव नसते. मुख्य सेवा, पडद्यावर दिसणारी खिडकी, अद्ययावत करणारा भाग, संकेतस्थळे तपासणारा भाग अशा चार-पाच प्रोसेस, म्हणजे प्रोग्रॅमचे चालू असलेले भाग, वेगवेगळ्या दिसतात. त्या सर्वांची बेरीज करावी आणि मग तितक्याच तटस्थपणे ब्राउझरच्या सर्व प्रोसेसचीही बेरीज करावी. अनेकदा ब्राउझरचा आकडा अँटिव्हायरसच्या कित्येक पट निघतो. तसे असेल तर आधी टॅब आणि एक्स्टेन्शन कमी करणे हाच उपाय, आणि अँटिव्हायरसला हात लावण्याची गरज नाही.

एक सावधगिरी येथेच घ्यावी. घातक प्रोग्रॅम कधी कधी अँटिव्हायरसच्या नावाने वावरतात. नावावर उजवे क्लिक करून 'ओपन फाइल लोकेशन' निवडावे. डिफेंडरची खरी फाइल 'प्रोग्रॅम डेटा' किंवा 'प्रोग्रॅम फाइल्स' यांमधील विंडोज डिफेंडरच्या फोल्डरमध्ये असते. ती 'डाउनलोड्स'मध्ये किंवा तात्पुरत्या फाइलींच्या फोल्डरमध्ये आढळली, तर प्रश्न मंदपणाचा नसून संसर्गाचा आहे, आणि मग सर्वांत आधी पूर्ण तपासणी करून घ्यावी.

तिसरी पायरी: आकडा चढतो आणि उतरतो, की नुसताच चढत राहतो

एकदाच घेतलेली नोंद पुरेशी नसते. संगणक सुरू केल्यानंतर दहा मिनिटांनी, दोन तासांनी आणि दिवसाच्या अखेरीस अशा तीन नोंदी, सलग दोन-तीन दिवस घ्याव्यात. तपासणीच्या वेळी आकडा वाढून नंतर खाली येत असेल तर ते नेहमीचे वर्तन आहे. ओळखखुणांचा नवा साठा येतो तेव्हाही असाच चढ दिसू शकतो, कारण नवा साठा चढवला जात असताना जुना लगेच सोडून देता येत नाही. तसे केले तर मधल्या काळात संरक्षणात खंड पडेल. लिनक्सच्या सर्व्हरवर वापरला जाणारा क्लॅमएव्ही हा मुक्त अँटिव्हायरस याचे स्पष्ट उदाहरण आहे. २०२० मध्ये आलेल्या त्याच्या ०.१०३ या आवृत्तीपासून साठा बदलताना तपासणी थांबत नाही, पण तेवढ्या वेळापुरती मेमरी जवळजवळ दुप्पट लागते, आणि कमी रॅमच्या सर्व्हरसाठी ही सोय बंद करण्याची सेटिंग त्यात मुद्दाम दिलेली आहे.

याउलट, कोणतीही तपासणी चालू नसताना आकडा तासागणिक वाढतच जातो आणि रीस्टार्ट केल्यावरच खाली येतो, असे दिसले तर त्या प्रोग्रॅममधून मेमरीची गळती होत आहे. म्हणजे प्रोग्रॅम मेमरी मागून घेतो, पण काम झाल्यावर परत करत नाही. हा वापरणाऱ्याच्या सेटिंगमधील दोष नव्हे. तो प्रोग्रॅम बनवणाऱ्यांनीच दुरुस्त करायचा असतो.

गळतीचा एक प्रकार विशेष फसवा असतो. अँटिव्हायरसचा एक भाग ड्रायव्हरच्या (विंडोजला जोडून तिच्या आतूनच चालणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमच्या) रूपाने विंडोजच्या गाभ्यात काम करतो, आणि त्याने घेतलेली मेमरी प्रोसेसच्या यादीत कोणाच्याच नावावर दिसत नाही. यादीतील सर्व आकड्यांची बेरीज ४ जीबी होते आणि 'इन यूज' मात्र ७ जीबी दाखवते, अशी तफावत दिसली की 'परफॉर्मन्स' विभागातील 'नॉन-पेज्ड पूल' हा आकडा पाहावा; गाभ्याने आणि ड्रायव्हरांनी घेतलेली, डिस्कवर हलवता न येणारी मेमरी तो दाखवतो. तो काही शे एमबी असणे नेहमीचे आहे. तो दीड-दोन जीबीपर्यंत जाऊन वाढतच राहत असेल तर एखादा ड्रायव्हर मेमरी परत करत नाही. तो ड्रायव्हर अँटिव्हायरसचाच असेल असे नाही, नेटवर्कचाही असू शकतो. म्हणून आरोप निश्चित करण्यापूर्वी दोन्हींच्या नव्या आवृत्त्या बसवून पुन्हा मोजावे.

चौथी पायरी: साधे उपाय आधी

सर्वप्रथम 'रीस्टार्ट' करावे. येथे 'शट डाउन' आणि 'रीस्टार्ट' यांतील फरक माहीत असणे महत्त्वाचे आहे. विंडोज ८ पासून आलेल्या 'फास्ट स्टार्टअप' या सोयीमुळे शट डाउन करताना विंडोजचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि पुढच्या वेळी तसाच उचलला जातो; त्यामुळे ड्रायव्हरांनी अडवून ठेवलेली मेमरी रोज रात्री संगणक बंद करूनही सुटत नाही. टास्क मॅनेजरच्या 'सीपीयू' विभागात 'अप टाइम' पाहावा. रोज संगणक बंद करणाऱ्यालाही तेथे कधी कधी वीस-पंचवीस दिवस दिसतात. रीस्टार्ट केल्यावर मात्र गाभा नव्याने सुरू होतो.

त्यानंतर विंडोज आणि अँटिव्हायरस दोन्ही अद्ययावत करावेत. केवळ ओळखखुणा नव्हे, तर प्रोग्रॅमची आवृत्तीसुद्धा नवी असावी, कारण गळतीची दुरुस्ती आवृत्तीतूनच येते.

मग 'सेटिंग्ज', 'अ‍ॅप्स', 'इन्स्टॉल्ड अ‍ॅप्स' या मार्गाने बसवलेल्या प्रोग्रॅमची यादी संपूर्ण वाचावी. विंडोज १० मध्ये हीच यादी 'अ‍ॅप्स अँड फीचर्स' या नावाखाली असते. संगणकासोबत आलेला आणि मुदत संपलेला एक अँटिव्हायरस, आणि नंतर स्वतः बसवलेला दुसरा, असे दोन एकाच वेळी नांदत असल्याचे प्रकार माझ्या पाहण्यात वारंवार आले आहेत. एकाने फाइल उघडून तपासायला घेतली की दुसऱ्याला तीच फाइल उघडली गेल्याची वर्दी मिळते आणि तोही ती तपासतो. मेमरीत ओळखखुणांचे दोन स्वतंत्र साठे बसतात आणि संरक्षण मात्र दुप्पट होत नाही. दोहोंपैकी एक काढून टाकणे हाच यावरचा उपाय आहे. डिफेंडर या बाबतीत समजूतदार आहे: दुसरा अँटिव्हायरस नीट बसला की तो स्वतःची सततची तपासणी आपोआप थांबवतो, आणि तो काढला की पुन्हा कामाला लागतो.

पाचवी पायरी: नको असलेले भाग उतरवणे

आजकाल अँटिव्हायरसच्या नावाखाली पासवर्ड सांभाळणारा प्रोग्रॅम, इंटरनेटवरील संपर्क गुप्त ठेवणारे व्हीपीएन, जुन्या फाइली साफ करणारे साधन, खरेदीच्या सूचना देणारे ब्राउझर एक्स्टेन्शन असा मोठा गाडा संगणकात शिरतो. त्यातील प्रत्येक भाग थोडीथोडी मेमरी घेतो. बहुतेक अँटिव्हायरसमध्ये 'कस्टम' किंवा 'मॉडिफाय' हा पर्याय वापरून हे भाग एकेक करून वगळता येतात. सतत चालणारी फाइलींची तपासणी, घातक संकेतस्थळांपासूनचे संरक्षण आणि फाइली ओलीस धरणाऱ्या रॅन्समवेअरपासूनचे संरक्षण हे तीन भाग मात्र ठेवावेतच. त्यांच्यात बचत शोधू नये.

सहावी पायरी: तपासणीची वेळ बदलणे

पूर्ण तपासणी ऐन कामाच्या वेळी सुरू होत असेल तर तिची वेळ बदलणे हा सर्वांत निर्धोक उपाय आहे. अन्य अँटिव्हायरसमध्ये ही सोय त्यांच्याच सेटिंग्जमध्ये असते. डिफेंडरसाठी 'टास्क शेड्यूलर' उघडून त्याच्या लायब्ररीत 'मायक्रोसॉफ्ट', मग 'विंडोज', मग 'विंडोज डिफेंडर' असे जावे. तेथे 'विंडोज डिफेंडर शेड्यूल्ड स्कॅन' हे काम दिसते. त्याच्या गुणधर्मांत 'ट्रिगर्स' खाली वेळ ठरवता येते, आणि 'कंडिशन्स' खाली संगणक रिकामा असेल तेव्हाच काम सुरू व्हावे अशी अट घालता येते. ठरवलेल्या वेळी संगणक चालू असणे आवश्यक आहे, एवढे लक्षात ठेवावे.

सातवी पायरी: वगळण्याची यादी, अत्यंत जपून

काही फाइलींच्या तपासणीत मेमरी आणि वेळ विशेष खर्च होतो. आभासी संगणकांच्या अवजड डिस्क फाइली, प्रोग्रॅमिंग करताना तयार होणाऱ्या हजारो लहान फाइलींचे फोल्डर आणि सतत बदलत राहणारे डेटाबेस ही त्याची उदाहरणे होत. अशा ठिकाणांना तपासणीतून वगळण्याची सोय 'विंडोज सिक्युरिटी', 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन', 'मॅनेज सेटिंग्ज', 'अ‍ॅड ऑर रिमूव्ह एक्स्क्लूजन्स' या मार्गावर मिळते.

ही सोय म्हणजे कुंपणात स्वतःच्या हाताने पाडलेले भगदाड आहे, याचा क्षणभरही विसर पडू देऊ नये. वगळलेल्या फोल्डरमध्ये काहीही आले तरी त्याकडे सततच्या तपासणीचे लक्ष जात नाही. म्हणून 'डाउनलोड्स', डेस्कटॉप, तात्पुरत्या फाइलींचे फोल्डर, ईमेलसोबत आलेल्या फाइली जेथे साठतात ते फोल्डर आणि संपूर्ण 'सी' ड्राइव्ह यांपैकी काहीही कधीच वगळू नये. ज्याला वगळायचे तो फोल्डर शक्य तितका नेमका निवडावा, आणि तेथे बाहेरून आलेली फाइल ठेवली जाणार नाही याची खात्री असावी. यादीत अँटिव्हायरसची स्वतःची फाइल घालण्याचा सल्ला पुष्कळ ठिकाणी आढळतो. त्याने मेमरीच्या प्रश्नावर फरक पडण्यासारखे काही नसते, कारण ओळखखुणांचा साठा रॅममध्ये असतोच.

याच कारणाने, संरक्षण तात्पुरते बंद करून पाहण्याच्या प्रयोगालाही मर्यादा आहेत. ते बंद केले तरी मुख्य सेवा मेमरीत बसलेलीच असते; त्यामुळे या प्रयोगातून तपासणीचा सीपीयू व डिस्कवरील भार कळतो, मेमरीचा कळतोच असे नाही. प्रयोग करायचाच असेल तर आधी इंटरनेट तोडावे, पेन ड्राइव्ह काढून घ्यावा, एकच ठरावीक काम घड्याळ लावून करावे आणि लगेच संरक्षण पुन्हा चालू करावे. डिफेंडर थोड्या वेळाने आपणहूनही चालू होतो.

आठवी पायरी: दुसरा अँटिव्हायरस निवडणे

इतके करूनही गळती थांबली नाही, तर अँटिव्हायरस बदलणे योग्य ठरते. जुना काढताना त्याच्या निर्मात्याने दिलेले खास अनइन्स्टॉल साधन आधी उतरवून ठेवावे, नेहमीच्या मार्गाने प्रोग्रॅम काढावा, रीस्टार्ट करावे, मग ते साधन चालवून मागे राहिलेले ड्रायव्हर साफ करावेत आणि पुन्हा रीस्टार्ट करावे. यानंतर 'विंडोज सिक्युरिटी' उघडून डिफेंडर चालू झाला आहे ना, हे पाहावे. घरगुती वापरासाठी बहुतेकांना तोच पुरेसा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. दुसरा घ्यायचाच असेल तर ऑस्ट्रियातील एव्ही-कम्पॅरेटिव्ज आणि जर्मनीतील एव्ही-टेस्ट या संस्थांचे निकाल पाहावेत. दोन्ही संस्था संरक्षणासोबत संगणकाच्या वेगावरील परिणामही तपासतात. एव्ही-टेस्ट संरक्षण, वेग आणि वापरातील सुलभता यांना प्रत्येकी ६ असे एकूण १८ पैकी गुण देते.

संगणकात ४ जीबीच रॅम असेल तर या सर्व उपायांनी मिळणारा दिलासा मर्यादित राहील, हे मान्य करायला हवे. टास्क मॅनेजरच्या 'मेमरी' विभागात 'स्लॉट्स यूज्ड' या नोंदीवरून आणखी रॅम बसवायला जागा आहे का, ते कळते. ती ८ जीबी केली आणि जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवली, तर तोच अँटिव्हायरस तेवढीच मेमरी वापरूनही जाणवेनासा होतो. काही लॅपटॉपमध्ये रॅम मुख्य फलकावरच पक्की जोडलेली असते. तेथे वाढ करता येत नाही, म्हणून खरेदीपूर्वी याची चौकशी करून घ्यावी.

शेवटची पायरी: संरक्षण शाबूत आहे ना, हे तपासणे

वरीलपैकी कोणताही बदल एका वेळी एकच करावा, दोन दिवस तशाच नोंदी घ्याव्यात आणि मग पुढच्या बदलाकडे वळावे. प्रत्येक बदलानंतर अँटिव्हायरस जागा आहे का, हेही पाहून घ्यावे. त्यासाठी आयकार या युरोपीय संस्थेची चाचणी फाइल वापरतात. ती केवळ ६८ अक्षरांची साधी मजकूर फाइल असून तिच्यात कोणताही विषाणू नसतो. पण सर्व प्रमुख अँटिव्हायरस तिला ठरवून घातक मानतात. ती संस्थेच्या संकेतस्थळावरून उतरवून नेहमीच्या 'डाउनलोड्स' फोल्डरमध्ये ठेवण्याचा प्रयत्न करावा. काही वेळा ब्राउझरच ती अडवतो, तेव्हा अडवणारा नेमका कोण आहे हे सूचनेत वाचावे. अँटिव्हायरसने फाइल अडवून सूचना दिली तर संरक्षण चालू आहे. फाइल निमूटपणे उतरली आणि उघडलीही गेली, तर सर्वांत शेवटी केलेला बदल मागे घ्यावा, रीस्टार्ट करावे आणि तीच चाचणी पुन्हा करावी.